पिठाच्या गलबतावर दहा तोफा

"सगळे उजवीकडे पळा!" जॉथम स्प्रेग ओरडला आणि 'अ‍ॅबिगेल'च्या डेकवरचे चाळीस खलाशी हसत-खिदळत एका बाजूला धावले. गलबत कलले. मग माहेरी आलेली मुलगी सासरी परतते तसे, रेंगाळत रेंगाळत सरळ झाले.

"वा! पाळणाच की," लेफ्टनंट हॅलक म्हणाले. "समुद्रावर आम्हाला असलं सुख कुठलं?"

"साहेब, धड गलबत झटक्यात उभं राहतं. हे विचार करतंय. वर वजन फार झालंय. निदान चार तोफा उतरवा."

"अहो स्प्रेग, हे तळं आहे. तळ्यात कोण बुडतं?"

ऑन्टारिओ सरोवराला तळे म्हणणारा माणूस समुद्रावरूनच यावा लागतो. अ‍ॅबिगेल जॉथमनेच बांधली होती, पीठ-मीठ या काठावरून त्या काठावर न्यायला. १८१२ साली अमेरिकेची इंग्रजांशी लढाई जुंपली, पलीकडचा काठ शत्रूचा ठरला आणि अ‍ॅबिगेल आरमारात भरती झाली. तिच्या कठड्याला भोके पाडून दहा तोफा बसवायचे कामही त्याच्याचकडे आले.

त्याचा जावई एसा तिच्यावरच खलाशी होता. लेक लोव्हायना पोटुशी होती.

"गलबत लढाईला योग्य आहे, एवढं लिहून द्या," लेफ्टनंट म्हणाले. "वरच्यांना कागद लागतो."

जॉथमने टोपी हातात फिरवली. "माझ्याकडे सुतार कमी पडतात, साहेब. एसा मिळाला तर..."

दोघेही व्यवहारी होते. सही झाली. एसा धक्क्यावर उतरला.

"बाबा, सोबत्यांना काय सांगू?"

"सासऱ्यानं पळवला म्हणून सांग."

आठवड्याने, ऑगस्टातल्या एका पहाटे, सरोवरावर पाव तास वादळ झाले. अ‍ॅबिगेल आडवी झाली ती उठलीच नाही. पाच जण वाचले. चौकशी बसली. जॉथमचा कागद वाचून गलबत योग्य असल्याची खात्री करण्यात आली आणि दोष वाऱ्यावर ठेवण्यात आला. वाऱ्याला साक्षीला कोणी बोलावले नाही.

निकालानंतर तिसऱ्या दिवशी अ‍ॅबिगेलच्या तोफेवरच्या रूबेनची बायको मेहिटेबल जॉथमच्या कारखान्याच्या दारात उभी राहिली.

"रूबेनसाठी शवपेटी हवी होती."

"सापडला?"

"त्या थंडगार पाण्यातून कोण वर येतंय? त्याचा रविवारचा कोट पुरणार आहे. लहानशी चालेल. लाकूड कशाला वाया घालवता?"

"मेहिटेबल, तो कागद मी..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "पेटी कधी मिळेल?"

"उद्या."

ती गेली. जॉथमने पाइनची सर्वांत लांब फळी ओढून काढली. एसाने दुसरे टोक धरले. गलबत बुडाल्यापासून तो सासऱ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

"रूबेन केवढा होता रे?"

"माझ्याएवढा," एसा म्हणाला.

"मग झोप."

एसा फळीवर आडवा झाला. जॉथमने त्याच्या डोक्याशी एक खूण केली, टाचांशी एक.

"हलू नकोस," तो म्हणाला.