कापलेला चक्का

साहेब, स्वप्नालीच्या सायकलीचा, चेन बसते तो दातेरी चक्का मी कापला. पण कापायला तुम्ही लावलात, आणि जाणूनबुजून लावलात.

मी नासिर. लातुरात डाळ मिलांच्या रस्त्याला माझं सायकलचं दुकान आहे. गोड लिहिता येत नाही मला.

लातूरजवळच्या मुरुडची ही पोरगी चार वर्षं सायकल पोलो खेळली. तिची गाडी मीच बांधलेली. पुढचा चक्का लहान, मागचा मोठा, म्हणजे पायडल दाबताच गाडी उसळते. मागचा चक्का हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, वेल्डिंग मारून पक्का केलेला, म्हणजे पायडल मागंपुढं करून गाडी जागेवर तोलून धरता येते. अशा गाडीवर मैदान मारता येतं, रस्ता नाही.

जूनमध्ये निवड समितीतर्फे तुम्ही सांगितलंत, यंदा राज्याच्या संघात मुलींची निवडच होणार नाही. एकोणीस वर्षांखाली खेळायचं तिचं हे शेवटचं वर्ष. दोन दिवस ती जेवली नाही. तिसऱ्या दिवशी लातुरात मेडिकलवर कामाला लागली. मुरुडहून जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर, एसटीची वेळ जमेना, म्हणून याच गाडीवर यायला लागली.

"मामू, पाय गरगर फिरायलेत अन् गाडी जागची हलंना," ती म्हणाली. "काल एक म्हातारा मला मागं टाकून गेला, तेबी बिडी ओढत. मोठं गियर बसवा."

"बसवतो. पण हे वेल्डिंग हाय, बेटा. कापलं की हब गेला. पुन्हा पोलोची न्हाई व्हायची."

तिनं ग्राइंडरकडं बघितलं आणि तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर.

"सर, गाडी रस्त्याची करायलेय. निवड होणार न्हाई, हे नक्की ना? कापू का?"

तुम्ही हसलात. "काप की. मला कशाला विचारतीस, मी काय लोहार हाय?"

मी कापला. पुढं चव्वेचाळीस दात्यांचा चक्का, मागं अठराचं फ्रीव्हील, म्हणजे पायडल थांबलं तरी चाक फिरत राहतं. चेन वाढवली, ब्रेक लावले.

अकराव्या दिवशी दुपारी तुमचा फोन: उद्या नांदेडला निवड चाचणी, गाडी ज्याची त्यानं आणायची. तसला हब मी सहा दुकानांत शोधला. मिळाला नाही. मग तीच गाडी एसटीच्या टपावर बांधून आम्ही गेलो.

मैदानात तिला गाडी उचलेना. ती पोचेपर्यंत चेंडू दुसरीनं नेलेला. थांबली की तोल जायचा, पाय टेकायचा, आणि पाय टेकला की चेंडू मारता येत नाही. तुम्ही कागदावर लिहिलंत, 'वेग कमी'. रोज पन्नास किलोमीटर मारणाऱ्या पोरीला.

बाहेर नांदेडच्या एका मुलीनं मोबाइल दाखवला. चाचणीची तारीख तुम्ही त्यांच्या ग्रुपवर टाकली होती. आम्ही तुम्हाला फोन केला त्याच्या आदल्या दिवशी. त्या ग्रुपात लातूरची एकही पोरगी नव्हती.

परतताना अहमदपूरला एसटी थांबली तेव्हा स्वप्नाली म्हणाली, "मामू, तुमचं गियर चांगलंच हाय. रस्त्याला लई पळतं." माझी समजूत काढत होती ती. माझी.

साहेब, तिला माफी नको. तारीख तुम्हाला ठाऊक होती, मग 'काप' का म्हणालात? दुकानावर या, नाहीतर लिहून पाठवा. पण उत्तर तिला द्या.