अटकला तर बॉल बाद

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी, ओसरीवरच्या सतरंज्या घडी करून झाल्यावर, जाकीरचाचा आले. बाबांना नेलं तेव्हा ते रस्त्याच्या पलीकडे मोटारसायकलला टेकून उभे होते. आज आत आले, आईला हात जोडले. मग मला विचारलं, "बेटा, ती मॅच हाये का अजून?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, आहे.

मोताळ्याला चाचांचं कृषी केंद्र आहे. दर रविवारी दुकान बंद करून ते आमच्या गावी येत आणि बाबा नि ते कॉम्प्युटरवर क्रिकेट खेळत. एकाच कीबोर्डवर: डावी बाजू बाबांची, उजवीकडचे बाण चाचांचे. पाच दिवसांची कसोटी त्यांना महिनाभर पुरायची. कॉम्प्युटर थकलेला होता. गोलंदाज धावत यायचा, मध्येच चित्र थांबायचं, आणि पुन्हा हलायचं तेव्हा चेंडू यष्ट्यांवर आदळलेला असायचा. म्हणून दोघांनी एक नियम केला होता. अटकला तर बॉल बाद, म्हणजे तो चेंडू मोजायचाच नाही. ज्याला वाटलं त्याने 'अटकला' म्हणायचं आणि दुसऱ्याने मानायचं. त्यावर वाद नाही. एरवी दोघे चहात साखर किती यावरही भांडत.

मग तो गुलाबी बोंडअळीचा हंगाम आला. कपाशीच्या नव्या वाणाची पाकिटं चाचांनी दिली होती आणि कंपनीचा बोर्ड आमच्याच शेताच्या धुऱ्यावर लागला होता. बाबांनी लावलं म्हणून अर्ध्या गावाने तेच लावलं. बोंडं वरून हिरवी, टणक दिसत. फोडली की आत अळी आणि किडकी सरकी. पंचनाम्याला साहेब आले तेव्हा शेतात सगळं गाव उभं होतं. साहेबांनी चाचांना विचारलं. चाचा म्हणाले, बियाणं चांगलं आहे, किसनभाऊनं फवारणी उशिरा केली.

बाबांनी फवारणी वेळेवर केली होती. औषध चाचांच्याच दुकानातून आणलं होतं, आणि पंप बिघडला म्हणून त्या दिवशी चाचांनी स्वतःचा पंप दिला होता.

बाबांनी तिथे वाद घातला नाही. त्यानंतर पेरणीच्या दिवसांत आमच्या ओसरीवर कोणी 'यंदा काय लावायचं' विचारायला आलं नाही. चाचाही आले नाहीत. कसोटी शेवटच्या दिवसावर थांबली होती. जुना कॉम्प्युटर जळाला तेव्हा बाबांनी मोताळ्याहून नवा आणला, पण जुनी डिस्क त्यात बसवून घेतली. कधीकधी ते ती मॅच उघडत, धावांची पाटी बघत आणि बंद करत. यावरून आई त्यांना हसायची.

"पण चालत नाही नीट," मी चाचांना सांगितलं.

"तुले दुरुस्त करता येते ना?"

मी बसले. गेम जुना, मशीन नवं. त्या काळच्या गेमला सेकंदाला तीस चित्रं दाखवायची सवय. हे मशीन कधी चारशे दाखवत होतं, कधी दम लागल्यासारखं वीस. वेग जास्त असला की सगळं चांगलंच चालतं असं लोकांना वाटतं. मी वीज वाचवण्याची सोय बंद केली, कारण तिच्यामुळे प्रोसेसर सारखा मंद-जलद होत होता. गेमला प्रोसेसरचा एकच भाग वापरू दिला. मग चित्रांवर लगाम घालणारा एक छोटा प्रोग्राम टाकला, आधी साठवर. खेळाडू दुप्पट वेगाने पळू लागले तसे चाचा हसले, म्हणाले, यांच्यामागं कुत्रं लागलं का? तीसवर आणलं तेव्हा गोलंदाज माणसासारखा धावू लागला. कोपऱ्यात आकडा दिसत होता: तीस. तो हलेना.

बाबांची शेवटची जोडी खेळत होती, अठरा धावा हव्या होत्या. मी डावीकडे बसले, चाचा उजवीकडे.

पहिले काही चेंडू त्यांनी पायावर टाकले, अगदी मऊ. मला चार मिळाले, पुन्हा चार मिळाले. माझ्या लक्षात आलं ते कशासाठी आले आहेत.

"चाचा, नीट टाका."

"नीटच टाकून राह्यलो."

"बाबाले असे टाकत होते का?"

पुढचा चेंडू त्यांनी खरोखरचा टाकला. कदाचित बोटांना जुनी सवय होती. टप्पा पडून आत वळला आणि मधली यष्टी उडाली. माझी बॅट अजून वरच होती.

"अटकला," चाचा लगेच म्हणाले.

"नाई अटकला. मी पाहून राह्यली होती."

"मले अटकल्यासारका दिसला, बेटा. बाद कर तो बॉल."

आई दारात चहाचा कप घेऊन उभी होती. मी कीबोर्डवरून हात काढले.

"बाबानं फवारणी कधी केली, तुमाले मालूम होतं ना?"

ते पडद्याकडेच बघत होते. "हाव," ते म्हणाले. "मालूम होतं. कंपनीनं माल बंद केला असता, बेटा. दुकान बसलं असतं."

"मंग ते तवा सांगाचं होतं. साहेबासमोर, गावासमोर. आता बाबाले जितवून काय करता?"

मी एंटर दाबलं. निकालाची पाटी आली, आणि दोघांनी कधीतरी इंग्रजी अक्षरांत भरलेल्या नावांपैकी जाकीर हे नाव विजेत्याच्या जागी गेलं. ते त्यांनी वाचलं. मग उठले, ओसरीवर चपला पायात घालायला त्यांना जरा वेळ लागला. मोटारसायकलचा आवाज फाट्यापर्यंत ऐकू आला.

आईने कप टेबलावर ठेवला. चहावर साय धरली होती.

"तुह्या बाबानं मानला असता तो बॉल," ती म्हणाली.

"हाव," मी म्हटलं, आणि कॉम्प्युटर बंद केला.