ओल्या पडद्यावरचं रेगिस्तान

मी पडदा. तंबूतल्या बायस्कोपचा. नाटकातल्या मखमली पडद्याशी माझी सोयरीक लावू नका. तो उघडतो, मिटतो, मिरवतो. मी नुसता टांगलेला असायचो, आणि लोक माझ्या तोंडाकडं बघून शिव्या घालायचे.

जात माझी मांजरपाट. केजच्या दस्तगीर शिंप्यानं कापडाचे दोन पन्हे जोडून मला शिवलं आणि शिवण नेमकी मधोमध आणली. मग काय, राजा येवो, राणी येवो, जो माझ्यावर आला तो नाकावरून चिरलेलाच आला.

मालक तात्याबा. निजामाच्या मुलखात बाजाराच्या गावी बैलगाडीतून तंबू घेऊन हिंडायचा. चित्रं तेव्हा मुकी होती. यंत्र एक गडी हातानं फिरवायचा आणि तात्याबा माझ्या शेजारी काठी घेऊन उभा राहून गोष्ट सांगायचा. गोष्ट त्याला तरी कुठं धड कळलेली असायची? आवाज तेवढा मोठा होता.

बसायची रीत अशी की पुरुष माझ्यापुढं आणि बाया माझ्यामागं. मागूनही चित्र दिसावं म्हणून खेळाआधी भिस्ती पखालीतलं पाणी मारून मला चिंब करायचा. "प्यायला घागर मिळंना, आन फडक्याला आंगोळ," असं बाया करवादायच्या. बरोबरच होतं त्यांचं. त्या मुलखात पाण्याची अशी नासाडी बघून मलाही ओशाळं व्हायचं. बरं, एवढं करून मागं दिसायचं काय, तर सगळं उलटं. पुढच्यांचं डावं ते मागच्यांचं उजवं. हे पुरुषांना ठाऊक नाही आणि बायांनाही नाही. या बाजूचं माणूस कधी त्या बाजूला बसलंच नव्हतं.

एका साली तात्याबानं रेगिस्तानचा खेळ आणला. स्वस्तात मिळाला म्हणून आणला, आणि ते दिसत होतं. दवंडी दिली उंटांच्या तांड्याची. चित्रात उंट एकच. तोच या कडेनं जायचा, तोच त्या कडेनं यायचा. वाळू एवढीशी, आणि तिच्यामागं पाणी हलताना दिसतंय. अशी घाण मी आयुष्यात अंगावर घेतली नव्हती.

केजच्या बाजाराच्या दिवशी संध्याकाळी खेळ लागला. पुढच्या रांगेत दस्तगीर शिंपी होता, एकदा मुंबई बघून आलेला. तो लगेच म्हणाला, "ये रेगिस्तान नै मियाँ, समिंदर का काठ है. पिच्छे लाटां दिखरे."

"आन उंट तहानेनं मरायला लागलाय म्हनं," दुसरा म्हणाला. "मागं वळून पी की बे."

तंबू हसला. तात्याबानं काठी आपटली.

मागच्या अंगाला तुळजाबाई बसली होती, चौसाळ्याची. ती चित्र बघायला आलीच नव्हती. शेजारच्या सुंदरबाईला ती हळू आवाजात सांगत होती, ते मी ऐकलं. तिचा तरणा लेक म्हाळू घर सोडून गेला होता. लेक डावरा. तिचा नवरा अर्जुनराव, त्याला ते खपायचं नाही. पोरानं ताटात डावा हात घातला की हाताशी येईल ते फेकून मारायचा. एकदा तर पाहुण्यांदेखत त्याचा डावा हात दाव्यानं पाठीशी बांधला आणि म्हणाला, आता जेव. म्हाळू ताटावरून उठला तो गेलाच, मुंबईला म्हणे. पुढं मुंबईत तापाची साथ आली. गाव म्हणालं, मेला असंल. आणि परवा बीडहून आलेल्या एकानं सांगितलं, तुमचा म्हाळू मी शिनिमात बघितला, दरोडेखोरांत.

म्हणून ही मागं बसली होती आणि अर्जुनराव पुढं.

दरोडेखोर आले. त्यातला एक खांदा पाडून, टाच आपटत चालत होता. तुळजाबाईनं सुंदरबाईचं मनगट धरलं. "चाल त्याचीच हाय. पर तलवार बघ, उजव्या हातात हाय. माझा म्हाळू उजव्या हातानं माशी बी हाकलीत नव्हता."

मग तिनं माझ्यावरून पलीकडं हाक दिली, "अवं, ऐकलं का? त्या मानसाची तलवार कंच्या हातात हाय?"

पुरुष खो खो हसले. "उंट कंच्या हातात हाय त्ये बी इचार, बाई."

अर्जुनराव हसणाऱ्यांत नव्हता. माझा उजेड त्याच्या तोंडावर पडला होता, मला सगळं दिसत होतं. डोळे तलवारीवर आणि दातखीळ बसलेली. भर बाजारात कबूल करायचं होतं, की ज्या हातापायी पोरगा घालवला तोच हात समोर चाललाय. तेवढं त्याच्यानं होईना. मी मनात म्हटलं, थू तुझ्या मर्दानगीवर.

चित्रात त्या दरोडेखोराला गोळी लागली. पडला. लगेच दुसरं पागोटं बांधून तोच पुन्हा आला. मग उंटाखाली मेला. दाढी लावून परत हजर.

"किती डाव मरायलाय बे ह्यो?"

"मानसं कमी पडली असतील. आमच्या म्हाताऱ्याला न्यायचं की."

"पैशे परत द्या, तात्याबा."

मागं तुळजाबाईनं पदर तोंडाला लावला. "न्हवं त्यो," ती म्हणाली. "उजवा हाय. लोक म्हनत्यात तेच खरं. गेला माझा."

ते पलीकडं ऐकू गेलं. अर्जुनराव उभा राहिला. "डावा हाय," तो म्हणाला.

"उजवा दिसायलाय मला."

"डावा म्हन्तो ना. मी बघायलोय की. तू हिकडं ये."

बाईमाणूस पुरुषांच्या अंगाला कधी आलं नव्हतं. तुळजाबाई माझी ओली कड उचलून आली. एकजण म्हणाला, "कावून आली ही हिकडं?" अर्जुनरावानं त्याच्याकडं नुसतं बघितलं, घोंगडी पसरली आणि तिला बसवलं.

ती बघत राहिली. तलवार डाव्या हातात होती.

तेवढ्यात चित्रातल्या राजपुत्रानं त्याला पुन्हा भोसकलं. "मेला बे परत," कुणीतरी कंटाळून म्हणालं.

"मरू द्या," तुळजाबाई म्हणाली. "उठतोय ना परत."

पण या खेपेला तो उठला नाही. चित्रच संपलं. लोक माझ्याकडं बघून थुंकले आणि बाहेर पडले. ही दोघं हलेनात. कोरा उजेड माझ्यावर पडलेला, आणि बाई म्हणते, "असा वाळूत टाकून मी जायची न्हाई. उठला की जाईन."

अर्जुनराव तात्याबाकडं गेला. "परत लाव."

"हे चित्र परत लाव म्हणणारा तू पयलाच भेटलास," तात्याबा म्हणाला. तरी लावलं. मी तोवर वाळलो होतो. मागं कुणी नव्हतं, भिजवायची गरजही नव्हती. म्हाळू आला, मेला, उठला. आणि पागोटं बांधून उभा राहिल्याबरोबर अर्जुनराव म्हणाला, "बास. हितंच थांबीव."

म्हाळू पुढं घरी आला का, मला ठाऊक नाही. दुसऱ्या दिवशी तंबू हलला.

आता बोलणारी चित्रं आलीत. माझी चाळण झालीय. तात्याबाच्या सुनेनं मला कडब्याच्या गंजीवर टाकलंय, तीन कडा दगडांनी दाबून. उंदीर कुरतडतात, कोंबड्या वर बसून घाण करतात. त्या रेगिस्तानपेक्षा ही घाण बरी. तुम्ही नव्या तंबूत जाल, खेळ भिकार निघंल. शिव्या जरूर घाला, मी असतो तर मीही घातल्या असत्या. फक्त एखादी बाई मधेच काही विचारू लागली, तर हसायच्या आधी तिला उत्तर द्या. आता निघा. वारं सुटलंय आणि माझी एक कड अजून दगडाखाली नाही.