बाजूचा ब्रेक

मास्तरांनी निम्म्या गावाला गाडी चालवायला शिकवलं होतं आणि उरलेल्या निम्म्याला वेळेवर बाजूला उडी मारायला. आता शिकवणं बंद झालं होतं, पण शिकवायची गाडी दारात होती. तिला बाजूच्या सीटपुढेही एक ब्रेक होता, पूर्वी मास्तरांच्या पायासाठी. हल्ली त्या सीटवर त्यांची लेक बसायची.

लेक दातांची डॉक्टर. दुखणार नाही, असं धडधडीत खोटं ती दिवसभर सांगू शकायची. पण बाबांना "आता गाडी चालवू नका" एवढं खरं सांगताना तिची दातखीळ बसायची. भाऊ फोनवर म्हणाला, "तूच सांग. तुझं ऐकतात ते." लांब राहणाऱ्या भावांना असलं काहीतरी चटकन सुचतं.

मास्तरांची नजर अधू झाली होती, मान वळायला कुरकुरत होती. कुणाला लागलं तर बाबा खचतील, आणि गाडी काढून घेतली तरी खचतीलच. म्हणून दर रविवारी लेक सोबत बाजारात जायची आणि गप्पा मारता मारता हळूच ब्रेक दाबायची.

"बघ, कशी अलगद थांबली!" मास्तर खूश.

त्या रविवारी एका जुन्या शिष्येच्या गाडी लावण्याला नावं ठेवत मास्तर लाल सिग्नल ओलांडून निघाले. समोर एक सायकलवाली. लेक ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिली. गाडी वीतभर आधी थांबली.

"आजोबा, डोळे घरी विसरलात का?" म्हणून सायकलवाली निघून गेली.

मास्तरांनी गाडी कडेला घेऊन बंद केली.

"केवढ्या जोरात दाबलास गं!"

"काय?"

"ठमे, तुझा ब्रेक दाबला की माझाही खाली जातो. जोडलेलेच आहेत ते. पहिल्याच रविवारी कळलं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?"

यावर दोघांनीही काचेतून बाहेर बघितलं.

"मीही हेच करायचो," मास्तर म्हणाले. "भित्रा माणूस असला की गुपचूप थांबवायचं आणि वर शाबासकी द्यायची. पण तो शिकत असतो गं. मी आता काय शिकणार?" मग भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाले, "ती मला दिसलीच नव्हती."

"बाबा, आता गाडी चालवू नका."

"बरं."

एवढंच. ते उतरले, बॉनेटला धरत धरत पलीकडून आले. लेक सरकून स्टिअरिंगमागे बसली. आरसा, पट्टा, गिअर, सगळ्यावर सूचना ऐकून घेत तिनं गाडी काढली. पहिल्याच वळणावर गचका बसला आणि गाडी बंद पडली.

"बाबा!"

"माझा नाही, पायाचा दोष," मास्तर म्हणाले. त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय हातांनी उचलून सीटवर घेतले आणि मांडी घालून बसले.

"हं. आता चालव."