दहा लाख तीन आणि हरवलेले पान

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी ते विचारू नका, कारण मला कुणी घडवलेच नाही. दहा लाखांच्या पुढे तीन पावले टाकली की मी भेटते. पण मी मूळ संख्या आहे की कुणीतरी मला भागू शकते, हे माझे मलाच कळत नव्हते. आपल्याच पोटातले कुणाला दिसते?

माझी खरी चौकशी केली ती सालातिगा गावच्या विरोयो गुरुजींनी. ऐंशी वर्षांचे निवृत्त गणित शिक्षक. त्यांची मुलगी वुर्यानी त्यांना जकार्ताला न्यायला आली होती.

"बापक, दोनदा गॅस चालू राहिला. तुमच्या लक्षात राहत नाही आता."

"असं? हजाराच्या आत एकशे अडुसष्ट मूळ संख्या आहेत. त्या सगळ्यांनी या दहा लाख तीनला भागतो, त्यापुढे तपासायची गरजच नाही. एकीनेही पूर्ण भाग गेला नाही, तर ही मूळ. आणि मी एक जरी विसरलो, तर बॅग भर. नाही विसरलो, तर मला इथेच राहू दे."

झाले! मला रोज भागू लागले. सातने भागले, चार उरले. तेराने भागले, पुन्हा चारच. मी चक्रावून गेले. एका पानावर दहा भागाकार, अशी सतरा पाने व्हायला हवी होती. वुर्यानीने मोजली, तर सोळाच! दहावे पान नव्हते.

"मी केलं होतं गं," गुरुजी म्हणाले. मग थोड्या वेळाने, "केलं होतं ना?"

त्यांचा आवाज ऐकून मला फार वाईट वाटले. ते पान झाले होते की नाही, मलाही आठवेना. गुरुजींनी बॅगेसाठी सदरे घडी करायला घेतले.

बसमध्ये खायला म्हणून वुर्यानी कोपऱ्यावरच्या तुमिनीबाईंकडून टेंपेची, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची, भजी घेऊन आली. पुडी सोडली आणि ती तशीच उभी राहिली. तेलकट कागदावर गुरुजींचे अक्षर होते, कोपऱ्यात पानाचा आकडा दहा. चारशे नव्याण्णवने भागून उरले सात. दहाच्या दहा भागाकार, एकही सुटलेला नाही.

"बापक, परवा रद्दी मीच दिली तुमिनीबाईंना. त्यातच गेलं हे."

गुरुजींनी कागद उजेडात धरला, प्रत्येक बाकी बोटाने तपासली. "मूळच आहे ही," ते म्हणाले. "भजी दे आता, गार होतायत. आणि ते सदरे कपाटात ठेव."

मित्रांनो, म्हणजे मी पहिल्यापासून मूळच होते, फक्त मला ठाऊक नव्हते. हे कसे, ते अजूनही माझ्या डोक्यात शिरत नाही. पण एक विनंती करते. घरातले म्हातारे माणूस "मी केलं होतं" म्हणाले, तर त्याची बॅग भरण्याआधी आपण रद्दीत काय दिले ते आठवून पाहा.