साखळी टाक्याचं निशाण

रोसविता कांपशुल्टेने चाळीस वर्षं ट्रकच्या ताडपत्र्या शिवल्या आणि एकही ताडपत्री लेबल वाचल्याशिवाय हातावेगळी केली नाही. कापड कुठल्या प्रतीचं, आग किती सोसेल, शिक्का कुठल्या सालचा, सगळं ती चष्मा नाकावर ओढून वाचायची. कारखान्यातली माणसं तिला हसायची. आणि याच बाईने आयुष्यात एकदा, फक्त एकदा, कागदाचं दुसरं पान उलटून पाहिलं नाही. त्या एका पानाने एर्लेनब्रुकच्या एफ ब्लॉकचा गळा धरला.

एफ ब्लॉक म्हणजे आइस हॉकीच्या हॉलमध्ये एका गोलच्या मागे, उभ्याने सामना बघायच्या सोळा पायऱ्या. तिथे खुर्ची नव्हती आणि कुणाला नकोच होती. खाली कठड्याला लाल निशाण बांधलेलं असायचं, नऊ मीटर लांब, त्यावर गावाच्या नावाची दहा पांढरी रोमन अक्षरं. सत्त्याऐंशी साली रोसविताने ते कारखान्यातल्या उरलेल्या कापडातून शिवलं होतं. अक्षरं तिने मुद्दाम साखळी टाक्याने जोडली होती. या टाक्याची गंमत अशी की बरोबर टोक धरून ओढलं तर तो सरसर सुटत जातो आणि चुकीचं टोक ओढलं तर आणखी आवळतो. दर मे महिन्यात, हंगाम संपला की ती निशाण घरी न्यायची, अक्षरं सोडवायची, बिअर सांडून सांडून कडक झालेलं कापड धुवायची आणि त्याच दोऱ्याने अक्षरं पुन्हा बसवायची. दोरा ताडपत्रीचा होता, जाड, मेण लावलेला. अडतीस वर्षांत तो कुठे तुटला नव्हता.

निशाणाचा एक कायदा आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण जर्मनीतल्या कुठल्याही उभ्या ब्लॉकमध्ये विचारा, सगळे तोच सांगतील. ज्या चाहत्यांच्या गटाचं निशाण परक्याच्या हाती गेलं, तो गट संपला. ढोल बंद, नाव बंद, त्या नावाने पुन्हा कुणी उभं राहायचं नाही. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. पण शेजारच्या गावच्या एका गटाचं निशाण स्टेशनवर चोरीला गेलं, तेव्हा टक्कल पडलेले बाप्ये प्लॅटफॉर्मवर बसून रडताना रोसविताने स्वतः पाहिले होते. दुसऱ्या दिवसापासून तो गट नव्हता.

सहा वर्षांपूर्वी संघ बुडायला आला आणि केलमोरा नावाच्या मालवाहतूक कंपनीने तो विकत घेतला. गावाने तेव्हा टाळ्या वाजवल्या, रोसवितानेही वाजवल्या. पहिल्या वर्षी खेळाडूंच्या छातीवरचं पाणमांजर, गावच्या क्लबचं चिन्ह, छोटं झालं. दुसऱ्या वर्षी ते बाहीवर गेलं. तिसऱ्या वर्षी ते दिसेनासं झालं आणि संघाचं नाव कंपनीचं नाव झालं. ब्लॉक ओरडत राहिला, ढोल वाजत राहिला, आणि कंपनीने त्या ओरड्याचं चित्रीकरण करून ते जाहिरातीत वापरलं. एवढा निगरगट्टपणा रोसविताने कारखान्याच्या मालकातही पाहिला नव्हता.

फेब्रुवारीत कंपनीचा फाल्केनराट स्वतः कठड्याशी आला. सूट आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट, एकावर डाग. तो म्हणाला की अग्निसुरक्षेचा नियम बदललाय, हॉलमधल्या प्रत्येक कापडावर आता नवीन प्रक्रिया आणि नवा शिक्का हवा, नाहीतर प्लेऑफला निशाणं लावता येणार नाहीत. कंपनी ते आपल्या खर्चाने करून देईल, तीन आठवडे लागतील. आगीच्या शिक्क्याबद्दल आदराने बोलणारा माणूस रोसविताला कित्येक वर्षांनी भेटला होता. बाई खुलली. कापडाची प्रत, विणीची घनता, सगळं तिने त्याला ऐकवलं आणि तो मान डोलावत राहिला. मग तिकीट खिडकीच्या फळीवर, हातातले मोजे न काढता, तिने सही केली. पहिल्या पानावर प्रक्रियेची माहिती होती. ती तिने शब्द न् शब्द वाचली.

दुसऱ्या पानावर लिहिलं होतं: कापडी निशाण, नग एक, संग्रहासाठी कायमचं सुपूर्द.

ते तिला मार्चमधल्या एका मंगळवारी कळलं. त्या दुपारी कंपनीने जाहीर केलं की पुढच्या हंगामापासून संघ उत्तरेतल्या मोठ्या शहरात, नव्या हॉलमध्ये खेळेल. लीगमधली जागा कंपनीच्या नावावर होती, गावाच्या नाही, त्यामुळे विचारायचा प्रश्नच नव्हता. घोषणेसोबत एक फोटो होता. चकचकीत भिंत, त्यावर लाल निशाण, दहा पांढरी अक्षरं, आणि वर लिहिलेलं: परंपरा आमच्यासोबत येते.

रोसविताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण त्या आगीत तिला स्वतःचीच सही दिसत होती, आणि ते जास्त जाळत होतं.

गट डेटलेफच्या दुकानात जमला. डेटलेफ ओस्टहुस ढोल वाजवायचा आणि बिअरचे क्रेट विकायचा, सभा नेहमी क्रेटवर बसूनच व्हायची. त्या दिवशी कुणी बाटली उघडली नाही. हेन्रिके कठड्यावर चढून भोंग्यातून घोषणा द्यायची, पेशाने सुईण, आवाज कायमचा बसलेला. तिने कागदाची प्रत सगळ्यांसमोर वाचली आणि रोसविताकडे पाहिलं.

"रोझी, तू? तू तर दुधाच्या पिशवीवरचंही सगळं वाचतेस."

रोसविता म्हणाली की हो, मीच. सारवासारव तिने केली नाही.

डेटलेफ म्हणाला की वकील बघू, ही फसवणूक आहे. हेन्रिकेने त्याला तोडलं. वकील दोन वर्षं घेईल, आणि कंपनीला हेच हवंय. निशाण गेलं म्हणजे कायद्याने गट गेला, गट गेला म्हणजे शेवटच्या सामन्याला बोंबलायला कुणी नाही. फाल्केनराटला हा कायदा माहीत नसेल असं समजणारा मूर्ख आहे.

"मग कायदाच सोडू ना," मागून कुणीतरी म्हणालं.

"सोड. आणि मग आपल्यात आणि त्यांच्यात फरक काय ते मला समजावून सांग," हेन्रिके म्हणाली. "दुसऱ्यांचं निशाण गेलं तेव्हा आपणच सांगत होतो ना, संपलात म्हणून?"

शेवटी ठरलं की हंगाम संपेपर्यंत वाट बघायची, आणि एप्रिलच्या शेवटच्या रविवारी गट बरखास्त करायचा. निघताना डेटलेफ, तिचा तीस वर्षांपासूनचा मित्र, तिच्याकडे न बघता म्हणाला, "अडतीस वर्षं तू शिवलंस आणि तूच उसवलंस."

शेवटच्या घरच्या सामन्याला एफ ब्लॉक पाठ फिरवून उभा राहिला. साठ मिनिटं अकराशे माणसं भिंतीकडे बघत होती. सामना संपल्यावर खेळाडू नेहमीसारखे बर्फावरून ब्लॉकसमोर आले, काठ्या वर केल्या, वाट पाहिली आणि खाली मान घालून निघून गेले. त्यांचाही दोष नव्हता. रोसविताला त्यांची दया आली, आणि दया आल्याचा राग आला.

मग तिला निमंत्रण आलं. नव्या हॉलच्या उद्घाटनाला 'निशाणाची जननी' म्हणून फ्राउ कांपशुल्टे यांनी व्यासपीठावर यावं, निशाण काचेच्या पेटीत बंद करण्यापूर्वी त्याला शेवटचा हात लावावा, न्यायला गाडी येईल. ज्या माणसाने तोंडाला पानं पुसली तोच आता गालावर थोपटायला निघाला होता. तिने निमंत्रण डेटलेफला दाखवलं. तो म्हणाला, "फाडून टाक." तिने ते नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की रोझी विकली गेली.

बरखास्तीच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती स्वतःच्या तिकिटाने उत्तरेला गेली. गाडी तिने नाकारली होती.

नव्या हॉलमध्ये प्रत्येक जागेला गादीची खुर्ची होती. उभं राहायला कुठेही जागा नव्हती. बर्फावर गालिचा, गालिच्यावर व्यासपीठ, मागे ताणून बसवलेलं तिचं निशाण. ते धुतलेलं नव्हतं, कसलीही प्रक्रिया केलेली नव्हती. जवळ गेल्यावर तिला त्याचा वास आला, सांडलेल्या बिअरचा आणि मोहरीच्या सॉसचा. रडायला ती आली नव्हती.

फाल्केनराट परंपरेवर बोलला. समोर हजारेक पाहुणे होते, कॅमेरे होते. मग त्याने हात पुढे करून तिला बोलावलं. पांढऱ्या बुटांवर तोच डाग अजून होता, फेब्रुवारीतला.

"दोन शब्द बोलणार का, फ्राउ कांपशुल्टे?"

तिने मान हलवून नकार दिला आणि निशाणापाशी गेली. उजवीकडचं शेवटचं अक्षर, त्याचा खालचा कोपरा. तिथे दोऱ्याचं टोक कापडाखाली दुमडून ठेवलेलं होतं, अडतीस वर्षं दर मे महिन्यात तिनेच ठेवलेलं. तिने नखाने ते बाहेर काढलं, दोन बोटांत धरलं आणि ओढलं.

टाका सरसर सुटला. रोमन के गालिच्यावर पडला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. फाल्केनराटही हसत टाळ्या वाजवत होता. तिने दोरा मुठीभोवती गुंडाळला आणि पुढचं टोक काढलं. सी पडला. यू पडला. टाळ्या विरळ झाल्या. आर, बी. आता कुणी टाळ्या वाजवत नव्हतं आणि तिच्या कानात फक्त दोऱ्याचा आवाज होता. एन. सातव्या अक्षराला फाल्केनराट तिच्याजवळ पोचला. कॅमेऱ्यांसाठी चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून तो दबक्या आवाजात म्हणाला, "थांबा. ही कंपनीची मालमत्ता आहे. तुमची सही आहे माझ्याकडे."

"आहे ना," ती म्हणाली. "कापडी निशाण, नग एक. आता दुसरं पानही पाठ झालंय माझं. कापड तुमचं. अक्षरंही कापडच, तीही ठेवा. दोऱ्याबद्दल कागदावर एक शब्द नाही."

तिने ओढलं. सातवं अक्षर त्याच्या पांढऱ्या बुटांवर पडलं.

तोवर दोन रखवालदारांनी तिचे दंड धरले होते. मागे निशाणावर पहिली तीन अक्षरं उरली होती, ज्यांचा काहीच अर्थ होत नव्हता, आणि पुढे लाल कापडावर सुईच्या भोकांच्या रांगा. बाहेर काढताना एकाने विचारलं की मुठीत काय आहे. तिने मूठ उघडून दाखवली. पोलिसांना बोलवावं की नाही यावर ते दोघे थोडा वेळ बोलले, आणि एका म्हातारीला दोऱ्यासाठी पकडलं हे लिहायचं कसं ते न सुचल्यामुळे त्यांनी तिला सोडलं.

रविवारी ती डेटलेफच्या दुकानात शिरली तेव्हा सगळ्यांनी ते फोनवर पाहिलेलं होतं. तरीही कायद्याचं काय हा प्रश्न उरलाच होता. तिने दोऱ्याचा गुंडा क्रेटवर ठेवला.

हेन्रिकेने तो उचलला, मेण हाताला लागलं. बराच वेळ ती तो दाबून बघत होती. मग तिच्या त्या बसलेल्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्याच्या हाती गेलेलं निशाण म्हणजे गेलेलं निशाण. पण दोरा आपल्या हातात आहे, म्हणजे हे गेलेलं नाही. मे महिना आहे म्हणून सोडवलंय."

"एप्रिल आहे," डेटलेफ म्हणाला.

"हंगाम तर संपलाय ना? मग बाटल्या उघड."

ऑक्टोबरात गावकऱ्यांनी पुन्हा उभा केलेला जुना क्लब चौथ्या दर्जाच्या लीगमध्ये खेळायला उतरला. खेळाडूंत एक बेकरीवाला होता, दोन विद्यार्थी, एक विमा एजंट, आणि सगळ्यांच्या छातीवर पाणमांजर होतं, चांगलं वीतभर. पहिल्या रविवारी दुपारी एफ ब्लॉक भरला. कठड्यावर नवं लाल कापड होतं आणि त्यावर जुन्या दोऱ्याने बसवलेली नवी सात अक्षरं. डावीकडे तीन अक्षरांची जागा कोरी होती.

पाहुण्या संघाचा एक माणूस बिअर घेऊन जाता जाता थांबला. त्याने ते वाचायचा प्रयत्न केला आणि हसून म्हणाला, "काय बाई, कापड संपलं की दोरा?"

"काहीच संपलेलं नाही," रोसविता म्हणाली. "ती तीन अजून तिकडे टांगलेली आहेत. आणायला जायचंय."