वॉल्टरचं हसणं

मेव्हिस क्लेगने चष्मा मुद्दामच घरी ठेवला. साठी उलटलेल्या बाईने असले नखरे करावेत का, असं तिने आरशासमोर स्वतःला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता हॅट चढवून दार ओढून घेतलं. आज वॉल्टर शॉरॉक शेजारी बसणार होता.

वॉल्टर तिच्याच गिरणीत जॉबर होता, म्हणजे कापड विणायचे बिघडलेले साचे दुरुस्त करणारा. त्या गावात अक्कल कमी पडलेल्या माणसाचा विनोद सांगायचा तर तो जॉबरवरच सांगायची रीत. नवा आरसा आणला आणि मागच्या बाजूने उभं राहून भांग पाडला तो कोण, तर जॉबर. वॉल्टर असे विनोद ऐकून हसायचा आणि वर स्वतःचे दोन सांगायचा. रविवारी चॅपलमधून परतताना कालव्यावरच्या पुलावर टोपी हातात धरून त्याने मेव्हिसला लग्नाचं विचारलं होतं.

"मुलगी साउथपोर्टला राहायला बोलावतेय," तो म्हणाला होता. "तू नाही म्हणालीस तर जातो तिकडे. हो म्हणालीस तर कुठ्ठं जायला नको."

"मंगळवारी सांगते," मेव्हिस म्हणाली होती.

मंगळवारी गिरणीतल्या निवृत्त मंडळींचं जेवण असायचं, सोसायटीच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. या खेपेला जेवणाआधी एक जुना विनोदी मूकपट दाखवणार होते. वॉल्टरने तो तरुणपणी कितीदा पाहिला होता त्याला हिशेब नव्हता. "हा न बघता मरशील तर वर गेल्यावर परत पाठवतील तुला," असं त्याने तिला बजावलं होतं.

मेव्हिसने हाच काय, कुठलाच सिनेमा पाहिलेला नव्हता. बापाच्या लेखी सिनेमा म्हणजे सैतानाची बैठक. पुढे नवरा मिळाला स्टॅनली, तो स्वतः जायचा आणि हिला म्हणायचा, तुला काय कळणार त्यातलं. तो गेल्यावर जायला कोणी अडवलं नव्हतं, पण तोवर न जायची सवय हाडात मुरली होती.

दिवे मालवले. मिस ग्रिमशॉने पियानो बडवायला घेतला. पडद्यावर एक जाड्या आणि एक बुटका शिडी घेऊन कुणाच्या तरी घरात भिंतीला कागद चिकटवायला शिरले, आणि मेव्हिस लगेच त्यांच्या तोंडाकडे बघू लागली.

तिची यात काही चूक नव्हती. साचेखात्यात शेकडो साच्यांचा असा खडखडाट असे की कानाशी तोफ उडाली तरी पत्ता लागू नये. तिथे बायका बोलायच्या त्या नुसत्या ओठांनी. आवाज काढायचा नाही, तोंडाचा आकार तेवढा नीट करायचा. आदल्या रात्रीचं भांडण खात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिखटमीठ लावून असंच पोचायचं. मेव्हिसचा सगळा जन्म त्यात गेला होता, त्यामुळे हलणारं तोंड दिसलं की ती ते वाचणारच. पडद्यावरची परातीएवढी तोंडं चष्म्यावाचूनही कळत होती. मधूनमधून पडदा काळा होऊन त्यावर पांढरं बारीक काहीतरी उमटत होतं, पण चष्म्यावाचून ती नुसती धुरकट रेघ. यंत्राला दम लागत असावा, असं समजून तिने तिकडे लक्ष दिलं नाही.

जाड्या शिडीवर चढला. खालून बुटक्याने डोळे वटारले, मूठ उगारली आणि म्हणाला, "डावा गुडघा सांभाळ रे बाबा. कालची सूज आहे अजून."

"उतरलीय बरीच," जाड्याने दात विचकत सांगितलं. "ॲनीवहिनीचा ताप काय म्हणतो?"

"तस्साच. हे आटपलं की इस्पितळात पळतो."

आणि शिडी निसटली. जाड्या खळीच्या बादलीत बसकण मारून आदळला. अख्खा हॉल खदाखदा हसला.

मेव्हिस गोंधळून इकडेतिकडे बघू लागली. ही तीच माणसं होती ना, जी कुणाच्या घरी आजारपण असलं तर डबा घेऊन जायची? सुजल्या गुडघ्याचा माणूस पडला, दुसऱ्याची बायको इस्पितळात, यात हसण्यासारखं काय होतं? तिने पुन्हा पडद्याकडे पाहिलं. बुटका जाड्याच्या डोक्यात फळी हाणत होता आणि विचारत होता, "लागलं का?" जाड्या म्हणत होता, "नाही रे, हाण अजून, नाहीतर पुन्हा सगळं करायला लावतील." कोण करायला लावणार होतं? मार खाणारा मारणाऱ्याला धीर का देत होता? तिला काही म्हणता काही उमगेना. शेजारी वॉल्टर डोळे पुसत, मांडीवर थापा मारत हसत होता.

आणि तिला स्टॅनली आठवला. हिवाळ्यात अंगणात बर्फावरून ती धुण्याच्या पाटीसकट घसरली होती, मनगट मोडलं होतं. स्टॅनली दाराची चौकट धरून हसत राहिला होता, हसून झाल्यावर आत जाऊन चहा प्यायला बसला होता. पुढे कित्येक वर्षं तो किस्सा त्याने दारूच्या गुत्त्यात नक्कल करून सांगितला. हसऱ्या माणसाबरोबर राहणं म्हणजे काय, ते मेव्हिसला पुरतं माहीत होतं. तसा आणखी एक नको, या वयात तर मुळीच नको.

जेवणाला हॉटपॉट होता, मटणावर बटाट्याच्या चकत्या रचून भाजलेला. मेव्हिस त्यातला बटाटा काट्याने नुसता चिवडत बसली.

"काय गं, आवडला नाही?" वॉल्टरने विचारलं. बटाट्याबद्दल नव्हे, हे तिला कळलं.

"एकाची बायको तापाने फणफणलीय, आणि तुम्ही सगळे खिदळताय. लाज नाही वाटत?"

"कुणाची बायको? अगं, तो बुटका तर बिनलग्नाचा! घरमालकिणीवर दोघांचा डोळा, म्हणून तर मारामारी."

"मारामारी कसली? गुडघा सांभाळ म्हणत होता तो त्याला."

समोर बसलेल्या आयव्हीने चमचा खाली ठेवला. ती मेव्हिसच्या शेजारच्या साच्यांवर उमेदीची वर्षं घालवलेली मैत्रीण. "अगं बाई! तू तोंडं वाचत बसलीस होय? तोंडाकडे नाही गं बघायचं. काय बोलतात ते मधल्या काळ्या पाटीवर लिहून येतं. तोंडाने ते नट आपले घरचंच बोलत असतात. आवाज कुठे जातोय!"

"म्हणजे पाटीवर लिहिलेलं खोटं?"

"खोटं नाही, ती गोष्ट."

"आणि ॲनी? ती खरी का खोटी?"

आयव्हीने पुन्हा चमचा उचलला. वॉल्टरला तर ओठ वाचता येतच नव्हते. जॉबर सदा साच्याखाली डोकं घालून, त्यामुळे बायका त्याच्यादेखत त्याचीच टिंगल करायच्या आणि हा शांतपणे पाना फिरवायचा. आता त्याने मेव्हिसला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि तोंडातला घास तसाच ठेवून ऐकलं.

"मग बरी झाली का ती?" त्याने विचारलं.

"मला काय ठाऊक? ते नाही बोलले."

"हं," वॉल्टर म्हणाला आणि मग कुठे त्याने तो घास गिळला.

स्वयंपाकघरात राबणाऱ्या बायकांचा सिनेमा हुकला होता, म्हणून चहानंतर तो पुन्हा लावायचं ठरलं. मेव्हिसला घरी जायचं होतं. पण नाही सांगायचं असलं तरी ते त्याचा आवडता सिनेमा संपल्यावर सांगावं, एवढी माणुसकी तिच्यात होती. ती बसली. या खेपेला मात्र तिने पडद्याकडे पाहायचं नाही असं ठरवलं. उगाच डोक्याला ताप. ती वॉल्टरकडे बघत राहिली.

पडद्याचा उजेड त्याच्या चेहऱ्यावर हलत होता. शिडी निसटली, जाड्या बादलीत आदळला, हॉल हसला. वॉल्टर हसला नाही. त्याचं तोंड उघडं होतं, टोपी मुठीत चुरगळली होती, श्वास अडकला होता. मग बऱ्याच वेळाने तो हसला, अगदी पोटातून. मेव्हिसने चटकन पडद्याकडे पाहिलं. जाड्या उभा राहून चड्डीला चिकटलेला कागद ओढत होता.

योगायोग असेल, म्हणून तिने पुढची फळी येऊ दिली. फळी बसली, लोक हसले, वॉल्टर गप्प. जाड्याने डोकं चोळत डोळे उघडले आणि मग वॉल्टर मांडीवर थापा मारायला लागला. पुढेही तेच, त्याच्या पुढेही तेच. इतक्यांदा पाहिलेला सिनेमा, कोण कधी पडतो आणि कधी उठतो हे सगळं पाठ, तरी हा बाबा दर वेळी जीव मुठीत धरून बसत होता. मघाशी ती पडद्यात गुंतली होती, आणि हॉलभर हसण्याच्या गोंगाटात त्याचं हसणं मागून येतंय हे तिला कुठून कळणार?

बर्फावर पडली होती त्या दिवसापासून मेव्हिसला जे नक्की माहीत होतं, ते आता नक्की राहिलं नव्हतं. तिने कोटाच्या खिशात रुमाल शोधला, सापडला नाही, बाहीनेच नाक पुसलं.

पडद्यावर जाड्या जिन्यावरून गडगडत खाली येत होता. मेव्हिस वॉल्टरच्या कानाशी वाकली.

"वॉल्टर, मुलीला कळव. साउथपोर्टला येत नाही म्हणून."

वॉल्टरने मान वळवली नाही. तिचा हात मात्र चाचपडत घेतला आणि घट्ट धरला.

"थांब गं जरा," तो म्हणाला. "आधी त्याला उठू दे."